मार्तिना सालोब्रेनं दिलेला शब्द

प्रवासवर्णन लिहायला आधी प्रवास केलेला माणूस लागतो, आणि मी तसा नाही. मी पुण्याला शिकायला गेलो ते सोडलं, तर आमच्या घरातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सोलापूर ते तुळजापूर, तोही पायी. मी अमेरिकेत आलो तो कॅन्ससच्या विद्यापीठात शिकायला. इथं आल्यावर वर्षभर वसतिगृह, वर्ग आणि ग्रंथालय यापलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. शिवाय ज्या गायिकेबद्दल लिहायचं आहे, ती माझ्या जन्माआधीच वारली. गाण्यातलं मला कळत नाही. स्पॅनिश मी एकोणिसाव्या वर्षी शिकायला लागलो, तेही पुण्याच्या कॉलेजात जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. तेव्हा त्या कॉलेजच्या वार्षिकासाठी लिही असं स्पॅनिशच्या बाईंनी कळवल्यावर दोन आठवडे मी उत्तरच दिलं नाही. शेवटी लिहितो आहे, कारण या प्रवासात मला ज्यांनी जेवू घातलं, गाडीतून फिरवलं आणि माझी चूक पोटात घातली, त्यांचे आभार मानायला मला दुसरी जागा नाही. काही उणं-अधिक झालं तर मोठ्या मनानं घ्यावं.

जाण्याआधी

मार्तिना सालोब्रे हे नाव आपल्याकडे कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. स्पेनमध्ये मात्र साठीच्या पुढच्या माणसाला विचारलं, तर तो आधी हसतो आणि मग एखादी ओळ गुणगुणतो. दक्षिणेकडच्या मिठागरांच्या काठी तिचा जन्म झाला. आई मिठाच्या पाट्या वाहायची. ही जत्रेत मिठाच्या पोत्यावर उभी राहून गायची आणि लोक म्हणायचे, पोरीच्या आवाजात खारं वारं आहे. पंधराव्या वर्षी तिला सिनेमात घेतलं. मी तिचे सात सिनेमे पाहिले. सातांतही ती फुलं किंवा मासे विकणारी गरीब मुलगी आहे आणि शेवटी तिचं श्रीमंत माणसाशी लग्न होतं. स्वतः ती लग्नाविना राहिली. तिशीला येईपर्यंत तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचे कपडे सांभाळणारी बाई तिला गाणी वाचून दाखवायची आणि ती ऐकून पाठ करायची.

मला तिची एक गोष्ट फार आवडली. रंगमंचावर ती मागे लांब शेपूट असलेला झालरींचा पायघोळ झगा घालायची. त्या झग्याला आतून एक खिसा शिवून घेतलेला असे. ज्या गावात कार्यक्रम असेल तिथं ती पुढच्या दारानं न जाता आधी स्वयंपाकघरात जायची आणि तिथल्या बायकांना विचारायची, काम करताना तुम्ही काय म्हणता? एखादी ओळ मनात भरली की कपडेवाली बाई ती चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि चिठ्ठी त्या खिशात जायची. पुढं आवाज फाटला, सिनेमे थांबले, उतारवयात ती टीव्हीवर नव्या मुलांच्या गाण्यांना गुण देत असे. आज तिच्या चाली नव्या तालांवर चढवून तरुण मुलं मोबाईलवर नाचतात. काही पुरुष तिच्यासारखा झगा घालून तिची गाणी म्हणतात आणि प्रेक्षक रडतात.

तिच्या सिनेमांवर पुस्तकं आहेत. तिच्या अमेरिकेतल्या दौऱ्यांवर मात्र मला एका पुस्तकात फक्त एक परिच्छेद सापडला: ‘स्पॅनिश मजुरांच्या सभागृहांतही ती गायली.’ माझा प्रबंध त्या एका परिच्छेदावर आहे. शोधताना इंटरनेटवर एक फोटो दिसला. मोठ्या स्वयंपाकघरात लाकडी खोक्यावर बसलेली मार्तिना, पायांत बूट नाहीत, भोवती ॲप्रन घातलेल्या बायका. खाली लिहिलं होतं: सनीव्हेल, कॅलिफोर्निया. मी त्या सभागृहाला पत्र लिहिलं. उत्तर टेरी नावाच्या बाईंचं आलं. ‘फोटोतली डावीकडची मुलगी म्हणजे माझी आजी. ती जिवंत आहे आणि तिला बोलायला आवडतं. पण लवकर या.’

सनीव्हेल, पहिला दिवस

पुण्याच्या त्याच स्पॅनिशच्या बाईंची थोरली बहीण सनीव्हेलला राहते. त्या विद्या काकू. त्यांचे यजमान शिरीष काका चाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून आले आणि चिप डिझाइनच्या कामातून निवृत्त झाले. मी स्टेशनवर उतरलो तेव्हा एक तास उशीर झाला होता, कारण मी बसलेली गाडी सनीव्हेलला थांबतच नव्हती. खिडकीतून पाटी मागे जाताना पाहिली आणि पुढच्या स्टेशनावरून परत आलो. काका गाडीला टेकून उभे होते.

“आलास! मला वाटलं, थेट मेक्सिकोला गेलास.”

“सॉरी काका.”

“अरे सॉरी काय, यार. पहिल्या वर्षी मीपण असाच गेलो होतो.”

जेवताना मी कामाचं सांगितलं. काकांनी वरणाची वाटी खाली ठेवली.

“स्पॅनिश हॉल? सनीव्हेलमध्ये? मेक्सिकन म्हणायचंय का तुला?”

“नाही काका, स्पेनमधलेच. शंभर वर्षांपूर्वी आले. आधी जहाजानं हवाईला, उसाच्या मळ्यांत. तिथून इथं, फळबागांत आणि फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यांत.”

“चाळीस वर्षं मी इथं ड्राइव्ह करतोय, मला कोणी सांगितलं नाही!”

“तुम्ही कधी कोणाला विचारलंत?” काकू म्हणाल्या. “ऑफिस ते घर आणि घर ते इंडियन ग्रोसरी. मधलं गाव तुम्ही पाहिलंत कधी?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “उद्याचा बसचा प्लॅन कॅन्सल कर. मी ड्राइव्ह करतो.”

एन्कार्ना आजींकडे

टेरी फाटकातच भेटल्या. पंचेचाळिशीच्या, दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या. आत नेण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, “आजी पंचाण्णवची आहे. हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, लांबचे बेत करू नका. तुम्ही विचाराल ते विचारा, पण तिला खोटी आशा लावू नका.” मी मान हलवली. खरं तर तेव्हा मला कळलंच नव्हतं की आशा कशाची.

एन्कार्ना आजी अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली बसल्या होत्या. मी सवयीनं वाकून पायाला हात लावला. त्यांना वाटलं माझं काही पडलं. त्याही खाली वाकून शोधू लागल्या. काकांनी हसत समजावून सांगितलं.

“असं होय?” आजी म्हणाल्या. त्यांचं स्पॅनिश अंदालुसियाच्या खेड्यातलं, शब्दांची टोकं गिळणारं, मध्येच इंग्रजी. “मग पुन्हा कर. या वेळी मी नीट बसते.”

मग मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, “इतका बारीक? विद्यापीठात जेवायला देत नाहीत?”

त्यांच्या घरी हात रिकामे ठेवून बोलायचं नाही, असा नियम आहे. समोर जर्दाळूंची टोपली आली, एकेक वाकडी सुरी आली. मी जर्दाळू पाहिले होते ते सुकामेव्याच्या दुकानातले, सुरकुतलेले. झाडावरचं ताजं फळ मी प्रथमच हातात घेतलं. गालासारखं मऊ आणि उन्हानं कोमट. शिवणीवरून सुरी गोल फिरवायची, दोन वाट्या करायच्या, बी काढायची आणि वाट्या लाकडी ताटावर उताण्या मांडायच्या. तिसऱ्याच फळाला मी अंगठा कापून घेतला. काकांची तर सगळी फळं चेंदामेंदा झाली.

“हे साहेब काय काम करायचे?” आजींनी विचारलं.

“कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायचे.”

“मग तेच करू दे त्यांना.”

जेवायला ‘मिगास’ होतं. शिळा पाव कुस्करून, पाण्याचा हबका मारून, तेलात लसूण आणि लाल मिरची घालून परतलेला. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तो हाच. मी आईनं पाठवलेली शेंगाचटणीची पुडी सोबत नेली होती. ती भीत भीत पुढं केली. आजींनी चिमूटभर चाखली, मग पुडीच स्वतःकडे ओढून घेतली.

जेवणानंतर मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि मार्तिनाबद्दल विचारलं.

“तिचे पाय मोठे होते,” आजी म्हणाल्या. “ते मला आधी दिसले. आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. ही मागच्या दारानं आली, बूट काढले, खोक्यावर बसली. सिनेमातली बाई! मी तेव्हा पंचवीसची असेन. ती म्हणाली, जर्दाळू कापताना तुम्ही काय म्हणता? सगळ्या लाजल्या. मग माझी आई उठली. आई कधी चारचौघांत गायली नव्हती. त्या दिवशी गायली.”

आणि आजींनी ती ओळ म्हणून दाखवली. आवाज पातळ झाला होता, पण सूर हलला नाही. मूळ चार चरणांचं आहे. मला आपल्या दोन ओळींत एवढंच आणता आलं:

मातेओ, इथं पिकले जर्दाळू झाडाला,
तुझा वाटा वाळत घातला, वास येतो का तुला?

“मार्तिनानं ते लिहवून घेतलं आणि झग्याच्या खिशात ठेवलं. विचारलं, गाव कुठलं? आई म्हणाली, बेनालोरा. तर ती म्हणाली, ते तर माझ्या गावाच्या डोंगरापलीकडे. तिथं जाऊन हे गाईन, शब्द देते.” आजींनी माझा मनगटाजवळ हात धरला. “तू शिकलेला आहेस. तिनं ते तिथं गायलं का, एवढं मला शोधून दे. आईला कधी कळलं नाही. मला कळू दे.”

मी हो म्हणालो. ‘हो’ म्हटल्यावर टेरींचे शब्द आठवले, पण उशीर झाला होता.

माझी चूक

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून कानशिलं गरम होतात.

माझी आई सोलापुरात विड्या वळते. लहानपणी मी तिच्या सुपाशेजारी बसून अभ्यास केला. वळता वळता गल्लीतल्या बायका ओव्या म्हणत, मध्येच एखादीला उखाण्याचा आग्रह होई आणि ती लाजत नवऱ्याचं नाव ओळीत गुंफी. बाईच्या ओळीत पुरुषाचं नुसतं नाव आलं, पुढं ‘बाळ’ नाही, ‘बंधू’ नाही, की तो नवरा; हे मला शिकवावं लागलं नव्हतं. आजींच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता आणि त्याखाली नाव होतं फ्रान्सिस्को. मग मातेओ कोण? माझ्या मनानं परस्पर ठरवलं: आजींच्या आईचा पहिला नवरा. गावाकडे राहिलेला, सोडलेला. असं असेल तर पंचाण्णव वर्षांच्या बाईला तिच्या आईच्या पहिल्या नवऱ्याबद्दल कसं विचारायचं? मी विचारलं नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

संध्याकाळी मी मार्तिनाच्या गावच्या छोट्या संग्रहालयाला ईमेल लिहिली. तिथं तिचे झगे आणि वह्या ठेवल्या आहेत, आणि पिलार नावाच्या एक बाई ते सांभाळतात. मी लिहिलं की बेनालोरात परदेशी गेलेल्या बायकोचा मागे राहिलेला मातेओ नावाचा नवरा होता का, आणि मार्तिनानं त्याच्यासाठी तिथं गायलं का, हे कळवावं. खाली विनंती जोडली: बाब नाजूक आहे, वाच्यता करू नये.

वाट पाहण्याचे दिवस

मधल्या दिवसांत टेरींनी मला ते सभागृह दाखवलं. बैठी इमारत, आत पॉलिश गेलेली लाकडी जमीन. काका दारातच म्हणाले, “अरे, हे मी पोर्तुगीज चर्च समजत होतो!” स्वयंपाकघरात तोच फोटो भिंतीवर आहे. टेरींना मार्तिना माहीत होती ती आजीकडून, आणि त्यांच्या मुलीला मोबाईलवरच्या नाचातून. “तिला वाटतं मार्तिना आत्ताची गायिका आहे,” टेरी म्हणाल्या, “मी तिला ते खोटं आहे असं सांगत नाही.”

शहरानं आठवण म्हणून जर्दाळूची एक बाग राखली आहे, तिथंही गेलो. टेरींनी काकांच्या मोबाईलवर नकाशा काढून, आजींचं कुटुंब जिथं राहायचं ती जागा दाखवली. मळ्याच्या कडेला मजुरांच्या खोल्या होत्या. मळा विकला गेला तेव्हा एका उन्हाळ्यात झाडं आणि खोल्या दोन्ही पाडल्या. काका नकाशाकडे बघत राहिले.

“हे माझं पहिलं ऑफिस आहे,” ते म्हणाले. “या पार्किंगमध्ये मी वीस वर्षं गाडी लावली.”

गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. मग मराठीत म्हणाले, “आपण आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो रे.”

चौथ्या दिवशी पिलारबाईंचं उत्तर आलं. इतकं मायाळू उत्तर मी कधी वाचलं नव्हतं, म्हणून जास्तच लाज वाटली. दोन दुपारी त्यांनी बेनालोराच्या पाद्रीबाबांबरोबर बसून लग्नांची जुनी रजिस्टरं पाहिली होती. ‘बायको समुद्रापार गेली असा मातेओ एकही नाही. एका मातेओची बायको गेली खरी, पण ती न्हाव्याबरोबर बार्सिलोनाला. ते तुमचं कुटुंब नसावं अशी आशा करते.’

मला वाटलं संपलं. उद्या सकाळी आजींना जाऊन ‘नाही सापडलं’ सांगायचं आणि परवा परत कॅन्सस. मी काकूंना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, “तू त्यांना विचारलंस का, मातेओ कोण ते?”

“काकू, असं कसं विचारायचं?”

“तोंडानं,” काकू म्हणाल्या. “जा आणि विचार. त्यांना राग आला तर माझं नाव सांग.”

पुन्हा झाडाखाली

सकाळी मी आजींसमोर बसलो आणि सगळं कबूल केलं. उखाणा काय असतो तेही सांगितलं. पहिला नवरा म्हटल्यावर आजींनी सुरी खाली ठेवली. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की टेरी आतून धावत आल्या आणि त्यांनी आजींचा श्वास मोजायला सुरुवात केली. “माझी आई!” आजी म्हणत होत्या, “माझी आई दोन नवऱ्यांची! टेरी, ऐकलंस का? एकाला सांभाळता सांभाळता तिचा जीव जायचा.”

हसू ओसरलं तसं त्यांनी डोळे पुसले. पुसतच राहिल्या.

“मातेओ माझा भाऊ,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात थोरला. मी त्याला कधी पाहिलं नाही.”

जहाजावर चढण्याआधी बंदरात डॉक्टर सगळ्यांना तपासायचे. मातेओ दोन वर्षांचा होता आणि त्याचे डोळे आले होते. त्याला चढू दिलं नाही. आई-वडील करारावर अंगठा देऊन बसले होते, धाकटं पोटात होतं. मावशीच्या हातात मूल दिलं. वर्षभरात बोलावून घेऊ म्हणाले. वर्षाचं दुसरं वर्ष झालं, मळा बदलला, हवाई सुटलं, मग महायुद्ध, मग तिकडे स्पेनमधलं यादवी युद्ध. आईला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्यांकडून लिहवलेली पत्रं पोचली की नाही, कधी कळलं नाही.

“दर उन्हाळ्यात जर्दाळू कापताना आई एक ताट बाजूला ठेवायची. आम्ही त्याला हात लावला की मारायची. आम्हाला वाटे, हिला आमच्यापेक्षा तो आवडतो.” आजींनी समोरचं ताट सरळ केलं. “मार्तिना म्हणाली तेव्हा आईनं तिचे दोन्ही हात धरले होते. आईला गाण्याची पडली नव्हती. आपण त्याला टाकलं नाही, हे त्याच्या कानावर जावं, एवढंच तिला हवं होतं. ते गेलं का, ते मला विचारायचंय. मीही आता थोड्या दिवसांची आहे. तिकडे आई भेटली तर ती पहिलं हेच विचारेल.”

मी तिथंच, जर्दाळूच्या रसानं चिकट झालेल्या टेबलावर, पिलारबाईंना दुसरी ईमेल लिहिली. आजी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, “न्हाव्याचं आमच्याकडे काही नाही, असंही लिही.”

निघताना काकूंनी डब्यात पुरणपोळ्या दिल्या. आजींनी त्यांच्यासाठी जर्दाळूंची टोपली पाठवली आणि काकांसाठी एक सुरी. “शिका म्हणावं.”

कॅन्सस

सेमिस्टर सुरू झालं. मी शिकवायचे वर्ग घेत होतो, माझे वर्ग करत होतो आणि रोज सकाळी ईमेल उघडत होतो. आठवड्यातून एकदा टेरींना फोन करायचो. त्या म्हणायच्या, आज बरी आहे. कधी म्हणायच्या, आज झोपूनच आहे. मी ‘अजून काही नाही’ म्हणायचो. एकदा आजींनी फोन घेतला आणि उलट मलाच धीर दिला: “बाळा, मी सत्तर वर्षं थांबले. तू तीन महिन्यांत घाबरतोस?”

पिलारबाईंची ईमेल आली तेव्हा मी कपडे धुवायच्या मशीनसमोर बसलो होतो. ती मी उभं राहून वाचली.

त्या बेनालोराला तीनदा जाऊन आल्या होत्या. मातेओ जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची मुलगी तिथंच राहते. तिला तो दिवस आठवत होता. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. मार्तिना सालोब्रे त्यांच्या गावात कधी येईल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गाव इतकं लहान, की सभागृहच नाही. ती दुपारी आली, धान्य मळायच्या खळ्यावर उभी राहिली आणि माईकशिवाय गायली. सिनेमातली गाणी लोकांनी मागितली, पण तिनं आधी खिशातून चिठ्ठी काढली. वाचता येत नसतानाच्या सवयीनं ती चिठ्ठी नुसती हातात धरायची. तिनं मातेओची ओळ म्हटली. मागे उभा असलेला एक माणूस गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, मातेओ मी आहे.

लोक हसले. मार्तिना हसली नाही. तिनं खळ्यावर खुर्ची मागवली, त्याला बसवलं आणि त्याच्या एकट्यासाठी ती ओळ पुन्हा म्हटली. मातेओनं तिला एकच विचारलं: ती जिवंत आहे? मावशीनं त्याला लहानपणीच सांगितलं होतं, आई जहाजावर वारली. मार्तिना म्हणाली, “मी तिचे हात धरून आलेय.” तिच्या कपडेवाल्या बाईनं वहीतून मळ्याचा पत्ता उतरवून दिला.

मातेओनं त्याच आठवड्यात शाळामास्तरांकडून पत्र लिहवून पाठवलं. काही महिन्यांनी ते परत आलं, ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शिक्का घेऊन. तो मळा त्याच उन्हाळ्यात पाडला होता. मातेओला वाटलं, आई गेली. त्यानं पत्र बंदच ठेवलं. मुलीनंही उघडलं नाही. पिलारबाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: ‘ते आमच्या नावानं नाही. आता पत्ता कळला आहे, तर आम्ही पाठवतो आहोत.’

मी टेरींना व्हिडिओ कॉल लावला. आजी अंथरुणावर होत्या. मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. आजींनी पूर्ण ऐकलं. ‘मातेओ मी आहे’ या वाक्याला त्यांनी हात वर केला, म्हणजे पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. शेवटी त्या टेरींना म्हणाल्या, “डॉक्टरांना सांग, माझं टपाल यायचं आहे. तोवर मी उठती-बसती राहिले पाहिजे.”

हे लिहायला घेतलं तेव्हा मला एवढंच माहीत होतं. काल दुपारी टेरींचा निरोप आला. पत्र मंगळवारी पोचलं. आजींनी ते घरी उघडू दिलं नाही. गाडी काढायला लावली आणि आईच्या कबरीपाशी खुर्ची मांडून घेतली. टेरींना सांगितलं, तू गाडीपाशी थांब. वारा होता, टेरींना लांबून शब्द ऐकू आले नाहीत. आजी मोठ्यानं वाचत होत्या एवढं दिसलं. पत्र चार पानी होतं. वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी घालून पाकिटात ठेवलं. पत्रात काय आहे, हे त्या कोणालाही सांगत नाहीत. टेरींनी विचारलं, तर म्हणाल्या, “आईचं पत्र आहे. तिला मिळालं.”